हिल्सबरो १९८९: ९७ मृत्यूंची जबाबदारी नेमकी कोणाची?

रानवाट (धागाकर्ती)

फुटबॉलच्या दुसऱ्या एका धाग्यावर परवा हिल्सबरोचा विषय निघाला आणि कोणीतरी एका ओळीत लिहून गेलं, "शेवटी चूक सगळ्यांचीच होती." दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

आधी प्रसंग सांगते. १५ एप्रिल १९८९, शनिवार. एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मैदान तटस्थ: शेफील्ड वेन्सडे क्लबचं हिल्सबरो. सामना दुपारी ३ ला. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लेपिंग्ज लेनकडची बाजू मिळाली होती. तिथे उभं राहून सामना बघायच्या पायऱ्या होत्या आणि लोखंडी कुंपणं घालून त्यांचे कप्पे पाडलेले होते. समोर, मैदानाच्या बाजूलाही उंच जाळी.

अडीचच्या सुमारास टर्नस्टाइलबाहेर (तिकीट बघून एकेकाला आत सोडणारी फिरती दारं) एवढी दाटी झाली की तिथेच माणसं गुदमरू लागली. २ वाजून ५२ मिनिटांनी बंदोबस्ताचे प्रमुख, चीफ सुपरिंटेंडंट डेव्हिड डकनफील्ड यांनी बाहेर जाण्याचं 'सी' गेट आत येण्यासाठी उघडायचा हुकूम दिला. सुमारे २,००० माणसं आत आली. समोरच एक उतरता बोगदा होता आणि तो थेट मधल्या ३ आणि ४ नंबरच्या कप्प्यांत निघत होता. हे दोन्ही कप्पे आधीच ठासून भरलेले. बाजूच्या कप्प्यांत मोकळी जागा होती, पण तिकडे वळवायला बोगद्याच्या तोंडाशी कोणीही नव्हतं. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबवला, तोवर जाळीपाशी माणसं उभ्या उभ्या मेली होती.

माझं म्हणणं असं. गेट उघडणं ही चूक नव्हती. बाहेरही माणसं मरायच्या बेतात होती. चूक होती ती उघडण्याआधी बोगद्याचं तोंड बंद न करण्याची. या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड जस्टिस टेलर यांनी ऑगस्ट १९८९ च्या अंतरिम अहवालात हेच लिहिलं: पोलिसांचं नियंत्रण सुटलं हे मुख्य कारण. पोलिसांची नियंत्रण खोली त्या पायऱ्यांच्या कोपऱ्यावर, उंचावर होती. खिडकीतून कप्पे दिसत होते. ज्याला दिसत होतं आणि ज्याच्या हातात हुकूम होता, त्याची जबाबदारी आणि जाळीला चेपलेल्या माणसाची जबाबदारी एका तागडीत कशी टाकता येईल?

अर्धविराम

तळमळ पोचली, पण सगळं पटलं नाही.

त्या जाळ्या तिथे का होत्या हे विसरून चालणार नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्लंडच्या मैदानांवर मारामाऱ्या नेहमीच्या होत्या. हिल्सबरोच्या चारच वर्षं आधी, २९ मे १९८५ ला, ब्रुसेल्सच्या हेसल स्टेडियममध्ये लिव्हरपूलचेच प्रेक्षक समोरच्यांवर चालून गेले, भिंत कोसळली आणि ३९ जण मेले, बहुतेक इटालियन. त्यात लिव्हरपूलच्या १४ जणांना शिक्षा झाली. असल्या पार्श्वभूमीवर पोलिसांना गर्दी म्हणजे दंगल वाटली तर नवल नाही.

दुसरं, माणसं उशिरा आली, काही पिऊन आली, काही बिनतिकिटाची आली. सगळे वेळेत आले असते तर गेट उघडायची वेळच आली नसती. मृतांना मी दोष देत नाही, ते बिचारे आधी आलेले होते, म्हणून तर पुढे होते. पण मागून ढकलणारे कोणीतरी होतेच ना?

पाऊलखुण

रानवाट, शीर्षकात आकडा ९६ आहे तो ९७ करा. मेंदूला झालेली इजा घेऊन ३२ वर्षं जगलेले एक गृहस्थ जुलै २०२१ मध्ये गेले. कोरोनरने (मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी) त्यांचा मृत्यूही त्याच घटनेमुळे धरला.

रानवाट

बदल केला. आभार.

गुणाकार

अर्धविराम, तुमच्या 'उशिरा आली' या मुद्द्यावर थांबतो, कारण घोडं तिथेच पेंड खातं. मी बांधकामाच्या क्षेत्रातला माणूस आहे, म्हणून जरा हिशेब करू.

लेपिंग्ज लेनच्या पायऱ्यांची तिकिटं होती १०,१००. त्यांच्यासाठी टर्नस्टाइल ७. म्हणजे एकेका टर्नस्टाइलमधून सरासरी १,४४३ माणसं जायला हवीत. मिनिटाला १० माणसं, एकही खोळंबा न होता, असं धरलं तरी २ तास २४ मिनिटं लागतात. तिकिटावर काय छापलं होतं? सामन्याच्या १५ मिनिटं आधी जागेवर या. म्हणजे अडीचला टर्नस्टाइलपाशी पोचलेला माणूस तिकिटावरची सूचना पाळत होता. तरीही अडीचपर्यंत त्या ७ टर्नस्टाइलमधून निम्म्याहून कमी माणसं आत गेली होती. हा खोळंबा पिऊन आलेल्यांनी केला नाही, तो कागदावर आधीच ठरलेला होता. सामन्याआधी ज्याला साधा भागाकार करता येत होता, त्याला तो दिसायला हवा होता.

बिनतिकिटांचंही तसंच. नंतर तज्ज्ञांनी मोजणी केली. 'सी' गेटमधून आलेले धरूनही त्या पायऱ्यांवर पोचलेल्यांची एकूण संख्या विकलेल्या तिकिटांपेक्षा जास्त भरली नाही. अडचण संख्येची नव्हती, ती कुठल्या कप्प्यात किती याची होती. ३ आणि ४ नंबरच्या कप्प्यांची मिळून कागदावरची क्षमता २,२०० होती आणि तीही फुगवलेली. त्या दिवशी तिथे ३,००० हून जास्त माणसं होती. कप्प्यागणिक मोजायची सोयच नव्हती. टर्नस्टाइल एकूण आकडा सांगायचे, कप्प्याचा नाही. कप्पा भरला की नाही हे नजरेने ठरवायचं, आणि ते ठरवायचं कोणी यावर क्लब आणि पोलीस एकमेकांकडे बोट दाखवत राहिले.

सुरक्षा प्रमाणपत्र १९७९ चं. १९८१ च्या उपांत्य सामन्यात, टॉटनहॅम विरुद्ध वुल्व्हज, याच पायऱ्यांवर माणसं चेंगरली आणि ३८ जण जखमी झाले. त्यानंतर काय केलं, तर कुंपणं घालून आणखी कप्पे पाडले आणि प्रमाणपत्रातला आकडा तसाच ठेवला. हे वाचताना मला दर वेळी धडकी भरते. आपल्या पेशात एवढा मोठा इशारा फुकट मिळत नाही.

आता 'मागून ढकलणारे'. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की गर्दी माणसांसारखी वागत नाही, पाण्यासारखी वागते. हलक्या झोक्याची लाट होते आणि पुढच्याच्या छातीवर शेकडो किलोंचा दाब येतो. फासळ्या हलत नाहीत, श्वास घेता येत नाही. ३ नंबरच्या कप्प्यात आधाराचा लोखंडी कठडा दाबाने मोडून पडला, यावरून अंदाज करा. आणि बोगद्यातून उतरणाऱ्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही. उतार सहाला एक होता, पाय आपोआप पुढे जातात. तो ढकलत नाही, तो चालत असतो.

सदाफुली

गुणाकार, शेवटचं वाक्य वाचून थांबले.

मी गर्दीत एकदा सापडले आहे. पाच-सात मिनिटंच असेन. हात छातीशी अडकले होते, ते वर काढता येत नव्हते. किंचाळावंसं वाटत होतं, पण किंचाळायलाही श्वास लागतो. मागची बाई मला सारखी "सॉरी, सॉरी" म्हणत होती. तिला मागे सरकता येत नव्हतं.

मला मात्र सामन्यानंतरच्या गोष्टींबद्दल लिहायचं आहे. स्टेडियममधल्या व्यायामशाळेचं शवागार केलं होतं. नातेवाईक रात्री तिथे पोचले, तर त्यांना भिंतीवर लावलेले पोलरॉइड फोटो दाखवले. त्यातून आपलं माणूस शोधायचं. ओळख पटली की पोलीस जबाब घ्यायला बसत आणि विचारत, किती प्यायला होता? सगळ्या मृतांच्या रक्तातल्या दारूची तपासणी झाली. सगळ्यांच्या. सर्वांत लहान मुलगा १० वर्षांचा होता.

अर्धविराम, तुम्ही वाईट हेतूने लिहिलं नाही हे कळतं. पण 'पिऊन आली' हे वाक्य कुठून आलं ते बघा. त्याच दुपारी डकनफील्ड यांनी फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की प्रेक्षकांनी गेट फोडलं. ते खोटं होतं, आणि २०१५ मध्ये चौकशीत शपथेवर त्यांनी ते खोटं असल्याचं मान्य केलं. चार दिवसांनी 'द सन' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा देऊन छापलं की प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले. लिव्हरपूलमध्ये त्या पेपरवरचा बहिष्कार आजही आहे. म्हणजे इतक्या वर्षांनी, इतक्या लांब बसून आपण जे सहज बोलून जातो, ते एका माणसाने एका खोलीत, मृतदेह अजून मैदानावर असताना बोललेलं वाक्य आहे.

नदीकाठ

सदाफुली यांच्या प्रतिसादानंतर हे लिहिणं जड जातंय, पण लिहितो. सगळं खापर एका डकनफील्ड यांच्यावर फोडणंही मला पटत नाही.

त्यांना ही जबाबदारी सामन्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी मिळाली. आधीचे अधिकारी मैदानाची खडान्‌खडा माहिती असलेले होते, त्यांची बदली झाली. ती बदली कोणी केली? प्रमाणपत्र जुनं असताना हेच मैदान उपांत्य सामन्यासाठी निवडलं कोणी? कठडे आणि क्षमतेची गणितं करणारे अभियंते, प्रमाणपत्र देणारी महापालिका, क्लब, हे सगळे नामानिराळे? आणि रुग्णवाहिका? ४० हून अधिक रुग्णवाहिका स्टेडियमपाशी आल्या, पण मैदानावर एक-दोनच पोचल्या. प्रेक्षकांनी जाहिरातीचे फलक उखडले आणि त्यांच्या स्ट्रेचर करून माणसं वाहून नेली. २०१२ च्या स्वतंत्र पॅनेलने म्हटलं की वेळेत उपचार मिळते तर ४१ जण वाचण्याची शक्यता होती. हे डकनफील्ड यांच्या हुकुमाने झालं नाही.

त्या खुर्चीत दुसरा कोणी नवखा असता तर काय वेगळं झालं असतं?

रानवाट

नदीकाठ, तुमचे सगळे मुद्दे मान्य. २०१६ च्या इन्क्वेस्टमध्ये, म्हणजे कोरोनरसमोरच्या मृत्यूच्या चौकशीत, ज्युरीनेही क्लब, अभियंते, रुग्णवाहिका सेवा या सर्वांच्या चुका नोंदवल्या आहेत. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. १९८८ मध्ये, बरोबर एक वर्ष आधी, हाच सामना याच मैदानावर झाला होता. तेच दोन संघ, तीच बाजू. त्या वर्षी मधले कप्पे भरल्यावर बोगद्याच्या तोंडाशी पोलीस उभे राहिले आणि माणसांना बाजूला वळवलं, असं तेव्हा हजर असलेल्या प्रेक्षकांनी सांगितलं आहे. १९८७ च्या उपांत्य सामन्यात बाहेर गर्दी झाली तेव्हा सामना १५ मिनिटं उशिरा सुरू केला. म्हणजे दोन्ही उपाय माहीत होते, याच मैदानावर वापरलेले होते. तीनचा सामना सव्वातीनला सुरू झाला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं?

'व्यवस्था दोषी' हे मलाही मान्य आहे, पण ते म्हटलं की पुढे शांतता पसरते, याची मला भीती वाटते. व्यवस्थेतल्या प्रत्येक खुर्चीवर माणूस होता. प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजावा लागेल. एकाला बळीचा बकरा करू नये हे खरं, पण म्हणून सगळ्यांनाच सोडून द्यायचं असं नाही होत. आणि इथे नेमकं तेच झालंय.

शेवटचं_पान

'सगळ्यांनाच सोडून' हे शब्दशः खरं आहे का, ते कायद्याच्या बाजूने सांगतो. गुंता आहे, पण समजून घेण्यासारखा.

पहिल्या इन्क्वेस्टचा निकाल मार्च १९९१ चा: अपघाती मृत्यू. त्यात कोरोनरने एक रेष मारली होती. ३ वाजून १५ मिनिटांनंतर काय घडलं याचा पुरावा घ्यायचाच नाही, कारण तोवर सगळ्यांना प्राणघातक इजा झालेल्या होत्या असं गृहीत धरलं. या एका रेषेने बचावकार्याची सगळी चौकशीच संपवली. २०१२ मध्ये बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या पॅनेलने कागदपत्रं उघड केली. त्यातून दिसलं की पोलिसांचे १६४ जबाब बदलले होते, त्यांपैकी ११६ मधून पोलिसांच्या विरोधात जाणारा मजकूर गाळला होता. डिसेंबर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने जुना निकाल रद्द केला. नवी इन्क्वेस्ट वॉरिंग्टनला दोन वर्षं चालली आणि २६ एप्रिल २०१६ ला ज्युरीने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं: बेकायदेशीर मनुष्यवध. प्रेक्षकांच्या वागण्याचा हातभार लागला का, या प्रश्नावर उत्तर स्पष्ट 'नाही'.

मग खटला. २०१९ मध्ये डकनफील्ड यांच्यावर घोर निष्काळजीपणातून मनुष्यवधाचा आरोप होता. पहिल्यांदा ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यांदा, २८ नोव्हेंबर २०१९ ला, ते निर्दोष सुटले. क्लबचे तेव्हाचे सचिव टर्नस्टाइलच्या व्यवस्थेबद्दल दोषी ठरले, दंड ६,५०० पौंड. संपूर्ण प्रकरणात झालेली शिक्षा एवढीच. जबाब बदलल्याचा खटला मे २०२१ मध्ये कोसळला. न्यायाधीशांनी धरलं की ते जबाब टेलर चौकशीसाठी होते, आणि ती चौकशी म्हणजे न्यायालयीन कामकाज नव्हे. म्हणून न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा तिथे बसत नाही.

लोक विचारतात, ज्युरी म्हणते बेकायदेशीर मनुष्यवध आणि न्यायालय म्हणतं निर्दोष, हे कसं? इन्क्वेस्ट मृत्यू कसा झाला ते विचारते, त्यात आरोपी नसतो. २०१६ मध्ये त्या एका प्रश्नाला पुराव्याची कसोटी फौजदारीचीच होती, पण ज्युरी वेगळी, समोर आलेला पुरावा वेगळा, आणि मधे तीन वर्षं गेलेली. घटनेला तर ३० वर्षं झाली होती. साक्षीदार गेले, आरोपी ७५ वर्षांचे झाले. ज्या तीन दशकांत खटला उभा राहायला हवा होता, ती खोट्यात गेली. माझ्या दृष्टीने जबाबदारीचा सर्वांत जड भाग इथे आहे. दुपारच्या त्या काही मिनिटांत माणूस गोंधळू शकतो. जबाब बदलायला बसलेला माणूस गोंधळलेला नसतो.

पाऊलखुण

+१. आणि हे तिथेच संपलं असंही नाही. २८ मे २०२२, पॅरिस, स्टाद द फ्रान्स, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. पुन्हा लिव्हरपूलचे प्रेक्षक बाहेर अडकले, अश्रुधूर सोडला गेला. आत पडद्यावर काय झळकलं? प्रेक्षक उशिरा आल्यामुळे सामना लांबला. युएफानेच (ही स्पर्धा भरवणारी युरोपीय फुटबॉल संघटना) नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की मुख्य जबाबदारी युएफाची. सुदैवाने तिथे कोणी मेलं नाही. पण हिल्सबरोतून वाचलेली काही माणसं त्या रांगेत उभी होती, आणि ३३ वर्षांनी तेच वाक्य त्यांना पडद्यावर वाचावं लागलं.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला इंडोनेशियात मलांगच्या कंजुरुहान स्टेडियमवर १३५ जण गेले. प्रेक्षक मैदानात उतरले हे खरं, पण पोलिसांनी अश्रुधूर थेट प्रेक्षकांच्या सज्जांवर सोडला. माणसं दारांकडे धावली आणि अरुंद दारांत चेंगरली. स्टेडियममध्ये असा धूर वापरू नये हा फिफाचा नियम आहे.

अर्धविराम

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. १० वर्षांच्या मुलाच्या रक्तातली दारू तपासली हे मला माहीत नव्हतं. तिकिटावरची सूचनाही माहीत नव्हती. 'पिऊन आली, उशिरा आली' हे वाक्य मागे घेतो.

हेसलबद्दल मात्र मागे घेणार नाही. तिथे ३९ माणसं मेली आणि त्यांच्या घरच्यांनाही न्याय हवाच होता. फक्त, हेसलचा हिशेब हिल्सबरोच्या मृतांकडून वसूल करता येत नाही, हे मान्य करतो. जाळी कोणामुळे आली हा प्रश्न वेगळा आणि जाळीची दारं त्या दुपारी का उघडली नाहीत हा वेगळा. मी दोन्ही एकत्र केले होते.

जाता जाता गुणाकार यांना एक प्रश्न. जाळीच नसती तर?

गुणाकार

त्याचं उत्तर ११ मे १९८५ ला मिळालं होतं. ब्रॅडफर्डच्या मैदानात लाकडी स्टँडला आग लागली, ५६ जण गेले. पण समोर जाळी नव्हती म्हणून हजारो माणसं मैदानात उड्या मारून वाचली. हिल्सबरोत जाळीला दारं होती, अगदी अरुंद. माणसं ती उघडून बाहेर पडू लागली, तेव्हा पोलिसांना आधी वाटलं की मैदानावर हल्ला होतोय. काहींना परत आत ढकललं. टेलर अहवालानंतर इंग्लंडमधल्या जाळ्या निघाल्या.

सदाफुली

अर्धविराम, मागे घेतलंत याबद्दल मनापासून आभार.

शेवटचं_पान, त्या नव्या कायद्याचं काय झालं? सरकारी अधिकाऱ्यांनी चौकशीत खरं सांगितलंच पाहिजे, असा?

शेवटचं_पान

'हिल्सबरो लॉ' म्हणतात तोच. सप्टेंबर २०२५ मध्ये विधेयक ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं. त्यात अधिकाऱ्यांवर सत्य सांगण्याचं बंधन आहे, ते मोडलं तर शिक्षेची तरतूद आहे, आणि इन्क्वेस्टमध्ये मृतांच्या नातेवाइकांना सरकारी खर्चाने वकील देण्याची सोय आहे. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. पहिल्या इन्क्वेस्टला पोलिसांचे वकील सार्वजनिक पैशातून उभे होते आणि नातेवाइकांनी आपापसांत वर्गणी काढून एक वकील केला होता.

रानवाट

डिसेंबर २०२५ मध्ये पोलिसांवरच्या तक्रारी तपासणाऱ्या ब्रिटनच्या स्वतंत्र यंत्रणेचा अंतिम अहवालही आला. १२ अधिकाऱ्यांवर गंभीर गैरवर्तनाची कारवाई होऊ शकली असती, असं त्यात म्हटलं आहे. ती आता होणार नाही. सगळे निवृत्त झालेत, काही हयात नाहीत.

नदीकाठ, तुम्ही बदली कोणी केली असं विचारलं होतंत. त्या १२ जणांत तेव्हाचे मुख्य पोलीस अधिकारी, पीटर राइट, हेही आहेत. वेळ मिळाला की त्यावर सविस्तर लिहीन.